मिरची, पुदिना, वेलची

११ फेब्रुवारी

शिंकरे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता चाळणकाकींकडून लिहून घेतला. त्यांना म्हटलं, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि पत्ता लिहिला. चाळणीवर तीस वर्षं काढलेल्या बाईला काय गाळायचं ते कळतं.

फोनच केला असता, पण तू पहिल्या 'हॅलो'लाच कापला असतास. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम एवढंच आहे. मागच्या आठवड्यात गिरणीत एक मुलगी आली. तिशीची असेल. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून तिने काढली ती बाबांच्या मसाल्याची आपलीच पुडी. जुनी, लेबल अर्धं फाटलेलं. वाटलं, आली परत तपासणी. मी तिथूनच ओरडले, "आता फक्त कांडून देतो. पुडी बंद झाली."

ती म्हणाली, "मावशी, मी तपासणीवाली नाही. संशोधन संस्थेत असते. माझे मामा ही पुडी घ्यायचे. यात काय कुणाबरोबर आणि किती घातलंय, ते मला हवंय."

'काय घातलंय' विचारणारे पुष्कळ आले आणि गेले. 'कुणाबरोबर' विचारणारी ही पहिलीच. तुला आठवत असेल, बाबा कधी नुसत्या मिरचीबद्दल बोलायचेच नाहीत. मिरची एकटी असली की भांडते, पुदिना सोबत असला की कामाला लागते, असं म्हणायचे. आपण दोघी हसायचो, तू शिंकत शिंकत; नाव काय उगाच पडलं तुझं?

ही मुलगी म्हणते, मिरचीतलं तिखट द्रव्य, पुदिन्यातलं गार द्रव्य आणि वेलचीतलं वासाचं द्रव्य, यांतलं प्रत्येक शरीरातली सूज कमी करतं का, हे लोक कधीपासून तपासतायत. पण एकेकटं घ्यायचं तर इतकं लागतं की माणसाच्या पोटात मावणार नाही. तिला बघायचंय की तिन्ही एकत्र आली तर थोडक्यात भागतं का. त्यासाठी तिला बाबांची वही हवी आहे.

मी सांगितलं, वही सापडत नाही.

तर तुला विचारायचंय की असल्या लोकांच्या नादी लागावं का? तू त्याच कळपातली, म्हणून विचारते. एरवी विचारलं नसतं.

सहा वर्षांनी पत्र येतंय तर त्यात काही गोड असेल, अशी आशा ठेवू नकोस. पुडीवर 'सांधेदुखी मुळापासून बरी' असं छापलं होतं म्हणून तू खात्याला कळवलंस. दुसरीकडच्या कोणी कळवलं असतं तर समजू शकले असते. आपल्याच घरातली, अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली, आणि पहिली तक्रार स्वतःच्या बापाची. कानामागून आली आणि तिखट झाली. तपासनीस आले, खोक्यांना सील लागलं, गल्ली बघायला जमली. त्यानंतर चौदा महिन्यांत बाबा गेले. तू आलीस तेव्हा दारात उभं राहून मी जे बोलले, ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही.

बाकी सगळं ठीक.

ताई


६ मार्च

शिंकरे,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. त्यातली एक तारीख.

तू लिहिलंस, 'तिला विचार, निकाल उलटा आला तरी छापणार का.' मी जसंच्या तसं विचारलं. ती म्हणाली, "मावशी, उलटा आला तर आधी छापणार. म्हणजे बाकीच्यांची पाच वर्षं वाचतील." मला ते उत्तर आवडलं. तुला कळवते आहे, कारण प्रश्न तुझा होता. त्यात तुझं कौतुक वगैरे काही नाही.

वही सापडली. कपाटातच होती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिला वही दिली नाही, प्रमाणांची पहिली नऊ पानं उतरवून दिली. मागची पानं हिशेबठिशेबाची आहेत, तिच्या उपयोगाची नाहीत.

तिने मला संस्था दाखवली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. जिन्याला उंदराच्या औषधाचा वास, आणि आत गेलं की इतकं स्वच्छ की आपणच आपल्याला मळके वाटतो. एका कपाटात पेशी वाढवतात. त्यांना अंगाएवढी ऊब, ठरलेल्या वेळी खाऊ, आणि हात लावायच्या आधी हातमोजे. काकी सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी बडदास्त माझ्या सुनेने ठेवली असती तर मी चाळणीवर कशाला आले असते?"

बूटवालीने (काकींनी हेच नाव पाडलंय) समजावून सांगितलं ते असं. या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांना मेलेल्या जंतूचा तुकडा दाखवला की त्या खवळतात आणि सूज आणणारं एक प्रथिन सोडतात. किती सोडलं ते यंत्र मोजतं. मसाल्याचं द्रव्य आधी दिलं आणि मग त्या कमी खवळल्या, तर द्रव्य कामाचं.

"आणि खवळल्याच तर?" मी विचारलं.

"तर मी तुम्हाला चहा पाजीन आणि दोघी बसून वाईट वाटून घेऊ."

पोरगी वाईट नाही.

ताई


१९ एप्रिल

शिंकरे,

वाईट वाटून घ्यायची वेळ आली. चहा प्यायलो.

नुसती मिरची दिली तर थोडा फरक, तोही एवढ्या मात्रेला की पेशीच मरायला टेकल्या. नुसता पुदिना, जवळजवळ काही नाही. नुसती वेलची, 'आहे म्हटलं तर आहे'. तीन आठवडे झाले. मी रोज दुपारी गिरणी काकींवर सोपवून तिसरा मजला चढते आणि रोज तेच ऐकून उतरते.

मी तिला म्हटलं, "अगं, एकेकटी कशाला देतेस? बाबांनी एकेकटी कधी दिलीच नव्हती." ती म्हणाली, एकेकटीचं माहीत नसेल तर एकत्र आल्यावर जास्त झालं हे कशावरून म्हणणार? आधी तीन जणांना वेगवेगळं वजन उचलायला लावायचं, मग तिघांना मिळून. मला पटलं, पण धीर धरवत नाही. पी हळद आणि हो गोरी, असा आपल्या घराण्याचा स्वभाव. म्हणजे माझा. तुझा कधीच नव्हता.

तू विचारलंस, मी स्वतः पुडी घेते का आणि माझी बोटं कशी आहेत. बोटं जागेवर आहेत. पोत्याच्या गाठी हल्ली काकी मारतात, कारण त्यांना हौस आहे. आणि माझं अक्षर वाकडं झालंय असं तू लिहिलंस, तर हे पेन खराब आहे.

दुसरं काही विचारत जा.

ताई


७ जून

शिंकरे,

झालं!

काल तिन्ही एकत्र दिली. मिरचीचं द्रव्य एकट्याला लागलं होतं त्याच्या शंभराव्या भागाएवढं, सोबत पुदिना आणि वेलची, बाबांच्या प्रमाणात. सकाळी यंत्राने आकडे काढले. प्रथिन निम्म्याहून खाली. बूटवाली खुर्चीतून उठली आणि परत बसली आणि परत उठली. म्हणाली, मिरची पेशीत एका वाटेने काम करते, पुदिना दुसऱ्याच वाटेने. एकाच वाटेवर कितीही गर्दी केली तरी रेटारेटीच होते, दोन वाटांनी गेले की थोडक्यात काम होतं. तिला तसं वाटतं. 'वाटतं' हा शब्द तिने तीनदा उच्चारला, म्हणून मीही लिहिते.

पण मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

ती एवढी खूश झाली होती की लगेच सगळ्यांना कळवायला निघाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. आपल्याला जे हवंय तेच समोर दिसायला लागलं की माणसाचा चेहरा असा होतो. मी आरशात बघितलाय तो. केव्हा, ते सोड.

मी म्हटलं, "थांब. कुठल्या कुपीत काय आहे हे तुला माहीत होतं ना? माझ्या धाकट्या बहिणीने तुझं एवढ्यावर ऐकलं नसतं."

ती खाली बसली. "नसतंच ऐकलं," म्हणाली.

तर असं ठरलंय की कुप्या मी भरणार. तीस कुप्या, पाच प्रकार, प्रत्येकी सहा. तिन्ही एकत्र, नुसती मिरची, नुसता पुदिना, नुसती वेलची आणि नुसतं साधं तेल. कुपीवर फक्त आकडा. कुठल्या आकड्यात काय, ती यादी माझ्याकडे. आणि ती यादी पाकिटात घालून मी पोत्याच्या शिलाई यंत्रावर चारी बाजूंनी शिवून टाकणार. सील फोडता येतं, गोंद वाफेवर सुटतो. पण आपली शिवण उसवून परत तशीच घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

असं चार वेळा करायचं. दर वेळी नवी यादी.

बूटवाली म्हणाली, "मावशी, तुम्ही फार कडक आहात." आयुष्यात पहिल्यांदा मला हे कोणी तारीफ म्हणून म्हटलं.

ताई


२१ जुलै

शिंकरे, शिंकरे, शिंकरे,

चारही वेळा!

सकाळी अकरा वाजता टेबलावर चार शिवलेली पाकिटं ठेवली. एका बाजूला बूटवाली, दुसऱ्या बाजूला तिचे साहेब. साहेब मुद्दाम आले होते, कारण त्यांचा विश्वास नव्हता आणि तो त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी नसलेला बघायचा होता. मी कात्री आणली होती. टाके काकींनी कापले.

यंत्राच्या आकड्यांवरून त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की या या कुप्यांत प्रथिन खूप उतरलंय. पहिल्या वेळच्या सहा कुप्या: तीन, सात, बारा, एकोणीस, वीस, अठ्ठावीस. मी यादी वाचायला लागले. "तीन, तिन्ही एकत्र. सात, तिन्ही एकत्र." बारा वाचून मी यादी काकींच्या हातात दिली. एकोणीस काकींनी वाचलं. अठ्ठावीसपर्यंत सहाच्या सहा! साहेब म्हणाले, "दुसरं पाकीट." दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात पाच, एक कुपी सांडली होती, ते तिने आधीच लिहून ठेवलं होतं. चौथ्यात सहा. आणि साधं तेल, नुसती मिरची, नुसता पुदिना, नुसती वेलची, त्यांतलं एकही चुकून त्यांच्या निवडीत आलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि काकींना विचारलं, "आपण कुठल्या विभागातल्या?"

"चाळण विभाग," काकी म्हणाल्या.

बूटवाली जमिनीवर बसून हसत होती, आणि मग रडत होती, आणि मग तिने तिच्या मामांना फोन लावला.

मी काय केलं सांगू? तडक गिरणीत आले. कांडायला काही नव्हतं. तरी यंत्र चालू केलं, मोठ्या पट्ट्यावर, रिकामंच. आणि त्या खडखडाटात उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले. "बाबा! चारही वेळा!" बाहेर कोणालाही ऐकू गेलं नाही. पलीकडचा शिंपी तेवढा डोकावून म्हणाला, "आवाज जरा कमी करा, यंत्राचा." मी यंत्र बंद केलं आणि मग नुसतीच ओरडले.

छप्पन्न वर्षांची झाले मी, इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

तूही त्या टेबलाजवळ हवी होतीस. हे मी खोडणार होते, पण राहू दे.

ताई


४ सप्टेंबर

शिंकरे,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन चुलीत गेली.

परवा एक गृहस्थ गिरणीत आले होते. मसाल्यांच्या एका मोठ्या कंपनीतले. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. संस्थेतली बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. म्हणाले, पुडी आम्ही काढतो, नाव तुमच्या वडिलांचं, फोटो तुमच्या वडिलांचा. बाबांचा फोटो दुकानादुकानांत! मी विरघळत चालले होते, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी खिशातून जुनं लेबल काढलं.

"फक्त हे वाक्य हवंय," ते म्हणाले. "'सांधेदुखी मुळापासून बरी.' काय वाक्य आहे! आमच्या जाहिरातवाल्यांना जमलं नसतं. ज्यांनी लिहिलं त्यांना माझा सलाम."

त्यांनी खरोखरच कपाळाला हात लावला, शिंकरे. आणि तो सलाम मला लागला. बरोब्बर पत्त्यावर.

ते वाक्य मी लिहिलं होतं.

बाबांनी लिहून दिलं होतं, 'मिरची, पुदिना, वेलची. काहींना बरं वाटतं.' छापखान्यात मी गेले होते. छापखानेवाला हसला. 'काहींना' असं कोणी लेबलवर लिहितं का? मला लाज वाटली, आणि तिथल्या तिथे त्याच्याच पेन्सिलीने मी दुसरं वाक्य लिहिलं. खोकी आली तेव्हा बाबांनी एक पुडी हातात धरून कितीतरी वेळ वाचली. म्हणाले, "हे बदल." मी म्हटलं, पुढच्या छपाईला बदलते. पुढच्या छपाईला नाही बदललं. त्याच्या पुढच्यालाही नाही.

तक्रार करायच्या आधी तू आलीस, बाबांशी बोललीस, ते फक्त 'बघतो' म्हणाले. तुला वाटलं हटून बसलेत. ते मला पाठीशी घालत होते.

आणि तपासनिसांनी भर गल्लीत विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी शिलाई यंत्रापाशी उभी होते, हातात दोरा. बाबा म्हणाले, "मी." माझ्याकडे वळूनही बघितलं नाही त्यांनी.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी नाही, नंतरच्या चौदा महिन्यांत नाही, आणि दारात तुला 'तू त्यांचा जीव घेतलास' म्हणताना तर नाहीच. दुसऱ्यावर ओरडत राहिलं की आपलं आपल्याला ऐकू येत नाही.

आणखी एक. त्यांचं हृदय थकलंय, हे डॉक्टरांनी तुझ्या तक्रारीच्या आधीच्या वर्षी सांगितलं होतं. तुला काळजी नको म्हणून बाबांनी सांगू दिलं नाही. नंतर मी सांगितलं नाही, कारण मला तुझ्यावर रागवायचं होतं. तुझ्यामुळे काही झालं नाही. हे वाक्य पुन्हा वाच. तुझ्यामुळे काही झालं नाही.

वहीची मागची पानं हिशेबाची नाहीत. ती सोबत पाठवते आहे, मूळ पानंच. बाबांनी एकेचाळीस जणांना पुडी दिली आणि प्रत्येकासमोर काय झालं ते लिहिलं. चोवीस जणांना बरं वाटलं. सतरा जणांपुढे लिहिलंय, 'फरक नाही.' शेवटची ओळ वाच: 'मोठी. चार वर्षं. फरक नाही.' माझी बोटं वाकली आहेत, शिंकरे. पेन चांगलं आहे.

बूटवालीला ही पानं मी आधी दाखवली. तिने ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि म्हणाली, "पेशींमध्ये जे दिसलं ते खरंच आहे, मावशी. पण माणसात ते होतं का, कोणाला होतं, किती खाल्लं तर होतं, यातलं मला अजून काही माहीत नाही. तुमच्या वडिलांना हे माझ्याआधी कळलं होतं."

इस्त्रीच्या शर्टाला मी सांगितलं, "हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे. विकत मिळणार नाही." ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, आठ वर्षं करतेच आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. तुझ्या डोक्यावर ते ओझं कशाला? तुला हे माहीत असावं, एवढंच.

ताई


२८ सप्टेंबर

शिंकरे,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं.

तरी हे कळवते. चौदा ऑक्टोबरला संस्थेत मोठी सभा आहे, बाहेरगावचे, परदेशचे लोक. बूटवाली निकाल मांडणार आहे, आणि तिने हट्ट धरलाय की मीही पाच मिनिटं बोलायचं. निबंधावर लेखकांमध्ये माझं नाव आहे, कुप्यांची पद्धत माझी म्हणून. बाबांचं नाव वर आहे, वेगळ्या ओळीत. आता नाव आलं म्हणून मला आणि काकींना कपाटातल्या पेशींसमोरही नीट उभं राहावंसं वाटतं.

घरबसल्या बघता येतं म्हणे. तो पत्ता बूटवालीने कागदावर काढून दिलाय, मागच्या बाजूला उतरवते आहे. अक्षरं, आकडे, मध्येच रेघा. मी दोनदा ताडून बघितलाय. एखादी रेघ आडवी की उभी कळली नाही तर दोष बोटांना दे.

बघायलाच हवं असं नाही.

ताई


१५ ऑक्टोबर

शिंकरे,

काल शेवटी तुझं चित्र पडद्यावरून गेलं. बूटवाली म्हणते, नेट गेलं. काकी म्हणतात, तू रडत होतीस आणि तूच बंद केलंस. मी दोघींनाही गप्प केलं. पण त्यामुळे नंतरचं तू ऐकलं नसशील, म्हणून लिहिते. आधीचंही थोडं लिहिते, कारण पडद्यावर फक्त स्टेज दिसतं म्हणे, आणि सभागृह बघण्यासारखं होतं.

सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मागे भिंतीला टेकून पोरं-पोरी उभी. बूटवालीने आकडे दाखवले तेव्हा पुढच्या रांगेतले दोन म्हातारे एकमेकांना कोपराने ढोसत होते. मग माझं नाव पुकारलं. तू बघितलंसच, मी माईकला धडकले.

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. पण तिसऱ्या रांगेतून 'म्हणजे सांधेदुखीवर औषध सापडलं म्हणायचं का' असं विचारणारा कोण होता, ते तुला दिसलं नसेल. इस्त्रीचा शर्ट! मोबाईल वर धरून माझं बोलणं टिपत होता. माझ्या तोंडून एक 'हो' निघाला असता तर त्याचं काम झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "थाळीतल्या पेशींमध्ये दिसलंय. माणसांवर तपासायचं अजून बाकी आहे, पुढच्या वर्षी सुरू होईल. तोवर ही पुडी म्हणजे जेवणातला मसाला. आधी तिच्यावर वेगळं वाक्य होतं. ते मी लिहिलं होतं, माझ्या वडिलांनी नाही. त्यांनी स्वतःवर घेतलं. त्यांनी एकेचाळीस माणसं मोजून ठेवली होती, त्यातल्या सतरांना गुण आला नव्हता, आणि तेही त्यांनी लिहून ठेवलं होतं."

मोबाईल खाली गेला. आणि मग ते सगळे उठले, शिंकरे. आधी ते दोन म्हातारे, मग भिंतीला टेकलेली पोरं, मग सगळेच. मला वाटलं, सभा संपली, जेवायला चाललेत. काकींनी मागून ढोसलं, "अगं, तुझ्यासाठी उठलेत." बाबांसाठी उठले होते. मी मान खाली घातली नाही. मान वर करून उभी राहिले आणि त्या टाळ्या सगळ्या त्यांच्या वतीने ऐकून घेतल्या.

मग अध्यक्ष म्हणाले, बाहेरून एक प्रश्न आहे. आणि भिंतीएवढ्या पडद्यावर तू. केस पांढरे झालेत तुझे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तू विचारलंस, "चारही वेळा याद्या कोणी केल्या?"

मी म्हटलं, "मी."

"आणि पाकिटं?"

"मीच शिवली."

"मग या निकालावर माझा विश्वास आहे, ताई," तू म्हणालीस, आणि चित्र गेलं.

आता पुढचं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "प्रश्न विचारणाऱ्या बाई कोण होत्या? इतिवृत्तात नोंद करायची आहे." बूटवाली उत्तर द्यायला उठत होती. मी माईक माझ्याकडे ओढून घेतला. या वेळी धडकले नाही.

"माझी धाकटी बहीण," मी म्हटलं. "अन्न तपासणं हेच तिचं काम. आज मी इथे जे बोलले, ते तिने आमच्या घरात आठ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. एकटीने. तेव्हा टाळी वाजवायला कोणी नव्हतं."

अध्यक्षांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मी वाकून बघितलं.

तुझी,
ताई